जहाजावरून आलेला भाचा आणि मामाची एमा

नमस्कार श्रोतेहो.

लग्नसराई सुरू आहे, तेव्हा आज एका लग्नाचीच गोष्ट सांगते. लग्न १८३९ सालचं, इंग्लंडमधल्या मेअर नावाच्या छोट्या गावातलं, आणि नवरदेव म्हणजे चार्ल्स डार्विन. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला पांढऱ्या दाढीचा म्हातारा म्हणूनच बघितलेलं असतं, पण आज ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो एकोणतीस वर्षांचा, पाच वर्षं समुद्रावर आणि परक्या देशांत काढून घरी आलेला आणि आता पुढे काय या विचारात पडलेला मुलगा आहे.

आधी नातं समजून घ्या. चार्ल्सची आई सुझाना वेजवुड घराण्यातली, तेच चिनी मातीच्या भांड्यांचे वेजवुड. तिचा भाऊ जोसाया, त्याला घरात सगळे अंकल जॉस म्हणायचे, आणि या जोसायाची सगळ्यात धाकटी मुलगी एमा. म्हणजे आपल्या हिशेबात चार्ल्सची मामेबहीण, त्याच्यापेक्षा नऊ महिन्यांनी मोठी. चार्ल्स आठ वर्षांचा असताना आई गेली, वडील डॉक्टर आणि स्वभावाने दरारा असलेले, त्यामुळे मेअरचं मामाचं घर म्हणजे त्याचा हक्काचा विसावा, तिथे तळं होतं, शिकार होती, पुस्तकं होती आणि मोकळेपणाने बोलणारी माणसं होती. मामाच्या मुलीशी लग्न ही गोष्ट महाराष्ट्रात बऱ्याच घरांना नवीन नाही, तिथेही त्या काळी तसंच चालायचं. पुढे मुलं सारखी आजारी पडायला लागली तेव्हा डार्विनला जवळच्या नात्यातल्या लग्नाची काळजी वाटायला लागली आणि त्याच्याच एका मुलाने, जॉर्जने, १८७५मध्ये या विषयाचा अभ्यास केला, पण तो विषय वेगळा.

तर १८३१च्या ऑगस्टमध्ये या मुलाला बीगल जहाजावर, म्हणजे किनाऱ्यांचे नकाशे काढायला निघालेल्या जहाजावर, निसर्ग अभ्यासक म्हणून जायचं बोलावणं आलं. वडील नाही म्हणाले. पण म्हणताना एक दार किलकिलं ठेवलं, की कुणी एक शहाणा माणूस जा म्हणत असेल तर माझी परवानगी आहे. चार्ल्सने नकाराचं पत्र लिहून टाकलं आणि शिकारीसाठी मामाकडे गेला. मामाने सगळं ऐकून घेतलं, वडिलांचं नेमकं म्हणणं काय ते भाच्याकडून लिहून घेतलं, एकूण आठ आक्षेप निघाले, आणि मग मामाने एकेका आक्षेपाला उत्तर देणारं पत्र डॉक्टरसाहेबांना लिहिलं, वर स्वतः गाडीत बसून भाच्याबरोबर शूजबरीला, डॉक्टरसाहेबांच्या घरी गेला. त्या यादीतला पाचवा आक्षेप तुम्ही कुठल्याही मराठी घरात ऐकाल, एवढं फिरल्यावर हा मुलगा एका जागी स्थिर म्हणून होणार नाही. यावर मामाचं म्हणणं काय होतं बघा, त्याने लिहिलं की मुलाचा स्वभाव तुम्हीच जास्त ओळखता, पण खलाशी लोक तर घरगुती आणि शांत राहणीकडे वळतात, असंच दिसत नाही का? हे लिहिताना हाच भाचा आपला जावई होईल असं त्याच्या मनातही नसणार.

२७ डिसेंबर १८३१ला जहाज सुटलं. दोन वर्षांचा प्रवास ठरला होता, झाली जवळपास पाच. जगभरातलं त्याने काय काय पाहिलं ते तुम्हाला बरंचसं माहीत असेल म्हणून त्यात शिरत नाही, पण तो राहत कसा होता ते सांगते. नकाशांच्या टेबलावर टांगलेला झोळणा, आणि उंची एवढी की पाय मावावेत म्हणून रोज रात्री भिंतीतल्या कपाटाचा एक खण बाहेर काढून ठेवायचा. बोट लागण्याचा त्रास पाच वर्षांत गेला नाही, काही दिवस तर पोटात फक्त बेदाणे टिकायचे. आणि घरची बातमी पत्रातून, तीही महिनोन्महिने शिळी. रिओला पोचल्यावर पहिली पत्रं हातात पडली, त्यात कळलं की फॅनी ओवेन, जिच्यावर त्याचा जीव होता, तिचं लग्न दुसरीकडे ठरलं. निघून जेमतेम तीन महिने झाले होते. लांब गेलेल्या माणसाच्या मागे घरचं जग थांबून राहत नाही, बोटीवर काम करणाऱ्यांना, फौजेतल्यांना, आखातात गेलेल्यांना हे मी सांगायला नको.

मेअरमध्येही जग थांबलं नव्हतं. १८३२च्या ऑगस्टमध्ये एमाची अगदी सावलीसारखी असलेली मोठी बहीण, तिचंही नाव फॅनीच, आजारपणात गेली, सव्वीस वर्षांची. दोघी कायम जोडीने असायच्या. एमाची देवावरची श्रद्धा त्यानंतर जास्त खोल गेली, कारण बहीण पुन्हा भेटेल हा आधार त्या श्रद्धेतच होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं हिच्यावरच येऊन थांबतं.

२ ऑक्टोबर १८३६ला बीगल इंग्लंडच्या फॅल्मथ बंदराला लागलं. तिथून घोडागाडीने दोन दिवस प्रवास करून चार्ल्स रात्री उशिरा शूजबरीला पोचला, घर झोपलेलं, कुणाला उठवलं नाही, आणि सकाळी थेट ब्रेकफास्टच्या टेबलावर जाऊन उभा राहिला. जहाजाचा कप्तान फिट्झरॉय याने तर त्याच डिसेंबरमध्ये लग्न केलं, आणि इतकी वर्षं त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवलेल्या डार्विनला ही बातमी ऐकून धक्काच बसला. डार्विनला मात्र दोन वर्षं लागली. लंडनमध्ये भाड्याच्या खोल्या, गोळा केलेल्या हजारो वस्तूंची वाटणी, प्रवासाचं पुस्तक, आणि १८३७च्या जुलैपासून एका वहीत गुपचूप लिहायला घेतलेला विचार, की जिवांच्या जाती कायमच्या ठरलेल्या नाहीत, त्या बदलतात.

१८३८च्या जुलैमध्ये त्याने एका कागदावर दोन रकाने आखले, लग्न करायचं आणि नाही करायचं. हा कागद आजही आहे. नाहीच्या बाजूला लिहिलंय की कुठेही जायचं स्वातंत्र्य जाईल, पुस्तकांना पैसे उरणार नाहीत, वेळ वाया जाईल, संध्याकाळी वाचता येणार नाही, नातेवाइकांकडे जायची सक्ती होईल. होच्या बाजूला मुलं, म्हातारपणी सोबत, संगीत, आणि बायको म्हणजे कुत्र्यापेक्षा तरी बरी सोबत असंही एक वाक्य आहे, जे वाचताना आजच्या कुठल्याही बाईला राग यावा आणि मलाही येतो. पण तो कागद मी वारंवार वाचलाय आणि मला त्यात एक घाबरलेला माणूस दिसतो, धुराने भरलेल्या लंडनच्या घरात आयुष्यभर एकटं राहायचं या कल्पनेनेच हादरलेला. शेवटी खाली तीनदा लग्न कर, लग्न कर, लग्न कर लिहून भूमितीतलं प्रमेय सिद्ध झाल्यासारखा शेरा मारलाय. कुणाशी ते मात्र लिहिलेलं नाही.

त्याच महिन्याच्या शेवटी तो मामाकडे गेला, एमाशी भरपूर गप्पा झाल्या, पण विचारायचा धीर झाला नाही. एमालाही वाटत होतं की ही मैत्री अशीच वर्षानुवर्षं चालेल आणि त्यातून पुढे काही होणार नाही. मग ११ नोव्हेंबर, रविवार. चार्ल्सने मागणी घातली आणि एमा हो म्हणाली. तो स्वतः इतका धरून चालला होता की नकार येणार, आणि तिला इतकं अनपेक्षित होतं, की आनंद व्हायच्या ऐवजी दोघांचेही चेहरे पडलेले, त्याचं डोकं दुखायला लागलेलं, आणि घरातल्यांना भलतंच काहीतरी वाटलं. एमा नेहमीप्रमाणे मुलांच्या रविवारच्या शाळेत शिकवायला गेली पण तिचं डोकंच चालेना म्हणून परत आली, हे तिनेच मावशीला पत्रात कळवलंय. मोठी माणसं मात्र खूश झाली. मामाने मुलीच्या नावे पाच हजार पौंड आणि वर्षाला चारशे असं ठरवलं.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतेय ते.

लग्न ठरण्याआधी डॉक्टर वडिलांनी मुलाला एक सल्ला दिला होता. तुझ्या मनात धर्माबद्दल ज्या शंका आहेत त्या बायकोपासून नीट लपवून ठेव, अशा गोष्टींनी संसारात फार दुःख झालेलं मी पाहिलंय. सल्ला प्रेमापोटीच होता आणि वडील आयुष्यभर लोकांच्या घरात डॉक्टर म्हणून गेलेले, म्हणजे अनुभवाचे बोल. आपल्याकडेही हेच सांगतात ना, लग्नाआधी सगळं बोलायचं नसतं, नंतर होतं सगळं नीट. मुलगा दहा-बारा दिवसांच्या सुट्टीवर येतो, मुलगी बघणं, पत्रिका, पगार, फ्लॅट, हॉल बुकिंग सगळं त्यात बसवलं जातं, आणि त्या दोघांच्या मनात खोलवर जे असतं त्याला मात्र वेळच उरत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण इतकी वर्षं लांब राहिलेला माणूस बदलून आलेला असतो, आणि काय बदललंय ते त्याने सांगितल्याशिवाय घरच्यांना कळणार कसं?

चार्ल्सने वडिलांचं ऐकलं नाही. त्याने एमाला सांगितलं. कोणत्या शब्दांत ते आपल्यापर्यंत आलेलं नाही, पण नोव्हेंबरमधलंच एमाचं पत्र आहे, त्यात ती म्हणते की प्रामाणिक शंका म्हणजे पाप नाही हे माझ्या बुद्धीला पटतं, पण आपल्या दोघांमध्ये एक दुखरी पोकळी राहील असं वाटतं, आणि तू मोकळेपणाने बोललास याबद्दल मनापासून आभार. बायबलमधला येशूचा शिष्यांना निरोप देतानाचा भाग वाच अशी तिने विनंतीही केली. विचार करा, जिची बहीण गेलीये आणि जिला ती पुन्हा भेटणार या विश्वासावर दिवस काढायचेत, तिला होणारा नवरा म्हणतो की मला यातलं बरंच खात्रीने वाटत नाही. ती लग्न मोडत नाही, आणि पटल्याचं नाटकही करत नाही. मावशीला तिने लिहिलं की इतका मोकळा, आरपार दिसणारा माणूस मी पाहिला नाही, त्याचा प्रत्येक शब्द खऱ्या मनातला असतो. मला वाटतं तिने त्याला निवडलं ते याच्यासाठी.

मग घर शोधणं. लंडनमध्ये अपर गावर स्ट्रीटवर बारा नंबरचं घर मिळालं, आत पिवळे पडदे आणि भडक रंग, म्हणून त्याचं नाव पडलं मकॉ कॉटेज, मकॉ म्हणजे तो रंगीबेरंगी मोठा पोपट. मागच्या अंगणात मेलेला कुत्रा पडलेला, तो काढण्यापासून सुरुवात. ३१ डिसेंबरला चार्ल्सने सामान हलवलं, तेव्हा हमाल दगडांच्या पेट्यांचं वजन बघून चक्रावले, कारण जगभरातले खडक त्यात भरलेले होते. २० जानेवारीला त्याने एमाला लिहिलं की प्रवासाच्या पाच वर्षांत आणि नंतरच्या दोन वर्षांत मला जो काही आनंद मिळाला तो एकट्याचा होता, वाळवंट ओलांडताना, जंगलात, किंवा रात्री बीगलच्या डेकवर फेऱ्या मारताना मनात जे चालायचं त्यातला, आणि मला वाटतं तू मला माणसात आणशील, एकांतात बसून सिद्धांत रचण्यापेक्षा मोठं सुख असतं हे तू शिकवशील.

२९ जानेवारी १८३९ला मेअरच्या सेंट पीटर चर्चमध्ये लग्न लागलं, लावणारा पाद्रीही नात्यातलाच, जॉन ॲलन वेजवुड. एमाची आई अंथरुणाला खिळलेली होती, एमा निघाली तेव्हा ती झोपलेली होती, आणि निरोपाचं दुःख टळलं म्हणून एमाला जरा बरंच वाटलं. जेवणावळ वगैरे काही नाही, दोघं त्याच दिवशी नव्यानेच सुरू झालेल्या रेल्वेने लंडनला निघाले आणि डब्यात बसून बरोबर आणलेले सँडविच खाल्ले, पाण्याची बाटली होती. बस.

महिनाभरातच एमाने आणखी एक पत्र लिहिलं, एकाच घरात राहत असताना, कारण समोर बसून हे बोलायला तिला जड जात होतं. तुझ्याबद्दलची प्रत्येक गोष्ट माझीही आहे, आणि आपण कायमचे एकमेकांचे नाही असं वाटलं तर मला फार दुःख होईल, असं त्यात आहे. चार्ल्सने ते पत्र जन्मभर जपलं, आणि त्यावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं की मी गेल्यावर हे कळू दे, की या पत्रावर मी कितीदा ओठ टेकलेत आणि रडलोय.

पुढचं भराभर सांगते. बीगल सुटल्याला बरोबर आठ वर्षं झाली त्या २७ डिसेंबरला पहिला मुलगा विल्यम जन्मला. एकूण दहा मुलं झाली, तिघं लहानपणीच गेली, त्यातली दहा वर्षांची ॲनी १८५१मध्ये गेली ते दुःख दोघांनाही कधी पेललं नाही. १८४२मध्ये ते केंटमधल्या डाउन गावात राहायला गेले आणि मामाने पत्रात लिहिलेलं शब्दशः खरं ठरलं, जगाला फेरी मारून आलेला हा माणूस नंतर कधीही देशाबाहेर गेला नाही. घराशेजारच्या वाटेवर रोज चालायचा, आणि रोज रात्री एमाबरोबर बॅकगॅमन, म्हणजे फाशांचा आणि सोंगट्यांचा खेळ खेळायचा. १८७६मध्ये एका मित्राला त्याने स्कोअर कळवला, मी २७९५ डाव जिंकलो, एमा फक्त २४९०.

आणि १८४४चा जुलै महिना. जाती बदलतात या सिद्धांताचा सलग मसुदा त्याने पूर्ण केला होता, छापायची हिंमत अजून नव्हती, आणि तब्येत अशी की अचानक काही झालं तर? तेव्हा त्याने एमाच्या नावे पत्र लिहून ठेवलं, मी मेलो तर हे छापण्यासाठी चारशे पौंड बाजूला काढ आणि तू किंवा तुझा भाऊ हेन्स्ले यात लक्ष घाला. ज्या लिखाणाने तिच्या श्रद्धेला सगळ्यात जास्त धक्का बसणार होता, ते सांभाळायला त्याला तीच सगळ्यात भरवशाची वाटली. एमाने मसुदा वाचला. डोळ्यासारखा अवयव हळूहळू, पायरीपायरीने घडला असेल असं जिथे त्याने लिहिलं होतं, तिथे समासात तिने लिहिलं, हे फारच मोठं गृहीत धरलंय, आणि खाली सही केली, ई. डी.

नमस्कार.