विरोध करता येईल असे विधान

(अभियांत्रिकीतील संशोधक विद्यार्थ्यांच्या कोर्सवर्कच्या आरंभी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो,

पीएचडीच्या मौखिक परीक्षेचा दिवस आपल्याकडे कसा असतो, हे तुम्ही तुमच्या वरिष्ठांच्या वेळी पाहिलेच असेल. सेमिनार हॉलच्या दाराशी फलक लागलेला असतो, उमेदवाराचे आईवडील गावाहून आलेले असतात, मागच्या टेबलावर पेढ्यांचे खोके मांडलेले असतात आणि बहिःस्थ परीक्षकांच्या परतीच्या गाडीची वेळ सगळ्यांना पाठ असते. व्हायव्हा सुरू होण्याआधीच पेढे आलेले आहेत, याचा अर्थ निकालाबद्दल सभागृहात कोणालाही शंका नाही. माझी तक्रार पेढ्यांबद्दल नाही. बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंध वाचून अनुकूल अहवाल दिल्यावरच मौखिक परीक्षा ठरते, तेव्हा त्या दिवशी कोणी नापास होणे विरळच असणार. मला विचारायचे आहे ते निराळेच: त्या दिवसापर्यंतच्या चार-पाच वर्षांत तुमच्या दाव्याला मनापासून विरोध करणारा माणूस तुम्हाला एकदा तरी भेटला होता का?

नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात हा सोहळा आपल्याहून अधिक थाटाचा असतो. झगे घातलेले प्राध्यापक रांगेने आत येतात, उमेदवाराला एक तास प्रश्न विचारले जातात, आणि तास भरला की दंड हाती घेतलेला बीडल, म्हणजे विद्यापीठाचा समारंभ-अधिकारी, येऊन ‘होरा एस्ट’, म्हणजे ‘वेळ झाली’, असे लॅटिनमध्ये पुकारतो. प्रबंधाला मान्यता तिथेही आधीच मिळालेली असते, त्यामुळे समारंभ म्हणून दोन्हीकडे फारसा फरक नाही. मात्र तिथे प्रबंधासोबत काही विधानांचे एक पान जोडावे लागते, त्यांतली काही प्रबंधाबाहेरच्या विषयांवरचीही असतात, आणि प्रत्येक विधानाने दोन अटी पाळायच्या असतात: त्याला विरोध करता आला पाहिजे आणि त्याचे समर्थनही करता आले पाहिजे. दुसरी अट आपण सगळेच पाळू पाहतो. पहिली अट मात्र आपल्या प्रबंधांच्या निष्कर्षाच्या प्रकरणाला लावून पाहा, म्हणजे त्यातले किती मुद्दे गळून पडतात ते दिसेल.

माझ्या स्वतःच्या विषयातले, उष्णता-संक्रमणातले, उदाहरण घेतो, कारण या विषयावरचे प्रबंध मी सर्वांत जास्त वाचले आहेत. नळीत पीळ दिलेली धातूची पट्टी, म्हणजे ट्विस्टेड टेप, बसवली की प्रवाहाला भोवरा मिळतो आणि उष्णता-संक्रमण वाढते. ‘पट्टी बसवल्याने नसेल्ट क्रमांक ४० टक्क्यांनी वाढला’ हा निष्कर्ष मी अनेकदा वाचला आहे (नसेल्ट क्रमांक म्हणजे उष्णता-संक्रमण किती जोमाने होते ते सांगणारा आकडा), आणि त्याला कोणीही विरोध करणार नाही, कारण पट्टी बसवल्यावर तो वाढणारच. आता समजा, याच पट्टीमुळे घर्षण गुणांक, म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचे माप, तिप्पट झाला. मग न्याय्य तुलना समान रेनॉल्ड्स क्रमांकावर (वेग, नळीचा व्यास आणि द्रवाचा चिकटपणा यांवरून ठरणाऱ्या आकड्यावर) न करता समान पंपशक्तीवर करायला हवी. तेवढ्याच पंपशक्तीत साधी, बिनपट्टीची नळी जवळजवळ दीडपट वेगाने चालवता येते. १९३० सालच्या डिटस-बोल्टर सूत्रानुसार नसेल्ट क्रमांक वेगाच्या ०.८ घाताच्या प्रमाणात वाढत असल्याने, साध्या नळीतले उष्णता-संक्रमणही त्या वेगाला सुमारे ३७ टक्क्यांनी वाढते. चाळीसांतून उरले दोन-तीन टक्के. ‘अमुक मर्यादेत, समान पंपशक्तीवर, ही पट्टी फायद्याची आहे’ हे विधान मात्र विरोध करण्याजोगे आहे, आणि प्रबंध लिहायचा तर तो या विधानाभोवती लिहायला हवा.

आता हे दोन-तीन टक्के मोजले कशाने, ते पाहू. नळीची भिंत आणि पाणी यांच्या तापमानांतला फरक ४ अंश सेल्सिअस असेल आणि दोन्ही ठिकाणच्या थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीची, अचूकता अर्ध्या अंशापर्यंतचीच असेल, तर फरकातली अनिश्चितता सुमारे ०.७ अंश होते, म्हणजे १८ टक्के. क्लाइन आणि मॅक्लिंटॉक यांनी १९५३ मध्ये मांडलेली अनिश्चितता काढण्याची ही पद्धत बहुतेक प्रबंधांच्या परिशिष्टात असते. तिथे ती इमाने इतबारे उतरवलेली असते आणि तिथेच राहते. आलेखावरच्या बिंदूंपर्यंत ती पोहोचत नाही. एका व्हायव्हात मी हाच आक्षेप घेतला, तेव्हा उमेदवार मुलीने शांतपणे सांगितले, ‘सर, दोन्ही नळ्यांसाठी थर्मोकपल तेच आहेत, त्यामुळे त्यांची कायमची चूक तुलनेत बहुतांशी निघून जाते, उरतो प्रश्न पुनरावृत्तीचा, आणि त्यासाठी मी साध्या नळीची चाचणी प्रयोगमालेच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी पुन्हा घेतली आहे.’ तिने वही उघडून तिन्ही वेळची वाचने समोर ठेवली. माझा आक्षेप ढोबळ होता आणि तिचे उत्तर त्याहून बारकाईचे होते. परीक्षक म्हणून हरण्यात इतका आनंद मला क्वचितच मिळाला आहे.

वेळेवर विरोध न झाल्यास काय होते, हे नॅनोद्रवांच्या बाबतीत सगळ्या जगाने पाहिले. १९९५ मध्ये अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतून ही कल्पना पुढे आली, आणि द्रवात अतिसूक्ष्म कण मिसळल्यास त्याची उष्णतावाहकता जुन्या सिद्धान्ताच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वाढते, असे दावे पुढच्या काही वर्षांत होत राहिले. अखेर तीसहून अधिक संस्थांनी एकाच प्रकारचे नमुने आपापल्या प्रयोगशाळांत मोजले. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि वाढ जुन्या सिद्धान्ताशी जुळणारीच निघाली. शिवाय नॅनोद्रव मूळ द्रवापेक्षा चिकट असल्यामुळे, समान रेनॉल्ड्स क्रमांकावर तुलना केली की नकळत त्याला जास्त वेग दिला जातो आणि त्या वेगाचे श्रेय कणांना मिळते. आपल्याकडे त्यानंतरही याच तुलनेवर प्रबंध येत राहिले. ते सगळे चुकीचे होते असे मी म्हणत नाही; त्यांतल्या पुष्कळांना हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, एवढेच म्हणतो.

तो विचारायची जागा नियमांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर, म्हणजे आरएसीसमोर, तुम्हाला प्रगती मांडावी लागते. पण समितीचा निमंत्रक तुमचा मार्गदर्शकच असतो, बाकीचे सदस्य पुष्कळदा त्याच मजल्यावर बसणारे सहकारी असतात, आणि उद्या त्यांचाही विद्यार्थी इथेच उभा राहणार असतो. मग ‘काम चांगले चालले आहे, चालू ठेवा’ असा शेरा पडतो आणि चहा येतो. याच नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची देशपातळीवरची सक्ती काढून टाकली, अनेक विद्यापीठांनी ती आपापल्या पातळीवर ठेवली असली तरी. पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांमुळे ती सक्ती पोकळ झाली होती हे खरे. तरीही चांगल्या नियतकालिकाने नाकारलेला निबंधसुद्धा एका अनोळखी माणसाचा विरोध घेऊन परत येत असे, आणि ती सोय आता तुमच्या इच्छेवर राहिली आहे. साम्य-तपासणीचा अहवाल ती जागा घेऊ शकत नाही. ‘सर, माझे साम्य फक्त सहा टक्के’ हे वाक्य अभिमानाने सांगितले जाते. २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत कारवाई होत नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे. ती प्रणाली शब्द ताडून पाहते, थर्मोकपल नाही.

मौखिक परीक्षा खुली असते, आणि विभागातल्या इतर संशोधक विद्यार्थ्यांना तिथे बसता येते. तुम्ही जाताही, बहुधा मागच्या रांगेत. पुढच्या वेळी प्रबंध आधी चाळून जा आणि एक तरी खरा प्रश्न तयार ठेवा, मात्र तो उमेदवाराला आदल्या आठवड्यातच विचारा. सभागृहात त्याला अडचणीत आणणे हा आपला हेतू नाही.

तुमच्यापैकी काहींच्या समितीवर मीही आहे. सादरीकरणाच्या पहिल्या स्लाइडवर मला विषयाची पार्श्वभूमी नको, एकच विधान हवे, आणि त्याखाली ते खोटे ठरायचे असल्यास कोणते वाचन मिळावे लागेल, ते लिहिलेले असावे. मूळ वाचनांची वही सोबत आणा. आलेख आपण त्यानंतर पाहू.