बीसीडी घेताना: लिफ्टचा आकडा बघायचा की अंगाचं माप?

मंडळी, स्कूबा डायव्हिंगचा पहिला, म्हणजे ओपन वॉटर कोर्स संपला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, सर, बीसीडी कुठली घेऊ? बीसीडी म्हणजे अंगावर घालायची हवेची पिशवी, तिला सिलेंडर बांधतात आणि तिच्यात हवा भरून-सोडून पाण्यात तरंगणं सांभाळतात. माझं म्हणणं, आधी मास्क आणि फिन्स घ्या, बीसीडीची घाई नको, भाड्याने मिळतात त्या दोन-चार प्रकारच्या वापरून बघा आणि मग खिशात हात घाला.

दुकानात गेलात की लिफ्टचा, म्हणजे पूर्ण फुगवलेली बीसीडी किती वजन तरंगवते त्याचा, मोठा आकडा दाखवतात, 18 किलो, 20 किलो, आणि आपल्याला वाटतं जास्त म्हणजे चांगलंच. तसं नाहीये. हिशोब करू. आपण तारकर्लीला, नेत्राणीला नाहीतर अंदमानात डाइव्ह करतो, पाणी कोमट, अंगावर 3 मिलिमीटरचा वेटसूट, पाठीवर नेहमीचा 80 घनफुटांचा अल्युमिनियम सिलेंडर. त्यात भरलेल्या हवेचं वजनच अडीच किलोच्या वर जातं, म्हणजे उडी मारताना तुम्ही तेवढे जास्तीचे जड असता, ती हवा संपत जाते तसे हलके होत जाता. शिवाय 10 मीटरला दाब दुप्पट होतो, वेटसूटच्या रबरी फोममधले बुडबुडे दबतात आणि त्याची उचल कमी होते, त्याचे अजून दोनेक किलो धरा. बेरीज पाच किलोच्या आसपास आली. वर आल्यावर डोकं आरामात पाण्याबाहेर राहायला आणखी थोडी लागते, तरी 12-14 किलोची लिफ्ट आपल्याला भरपूर झाली. इंग्लंडमध्ये पाणी आत न येणारा ड्रायसूट घालून जुळे सिलेंडर लावतात त्यांची गोष्ट वेगळी.

आणि एवढी लिफ्ट कमी पडतेय असं वाटलं तर आधी वेट बेल्ट तपासा, बहुतेकांच्या कमरेला गरजेपेक्षा जास्त शिसं असतं. डाइव्हच्या शेवटी पृष्ठभागावर, सिलेंडरमध्ये 50 बार दाब उरलेला असताना बीसीडी पूर्ण रिकामी करा, नेहमीसारखा श्वास घेऊन स्थिर रहा, पाणी डोळ्यांच्या लेव्हलला आलं पाहिजे. खाली गेलात तर शिसं कमी करायचं. मोठ्या रिकाम्या पिशवीत हवा इकडून तिकडे पळते आणि तुमचा तोल बिघडवते, म्हणून मला मोठी लिफ्ट नकोशी वाटते.

आता बीसीडीच्या दोन प्रकारांतली कुठली, जॅकेट की विंग? जॅकेटमध्ये हवा बरगड्यांच्या बाजूनेही भरते, पृष्ठभागावर तुम्ही सरळ उभे राहता, नवीन माणसाला धीर येतो. पण पूर्ण फुगवलं की छातीला आवळतं. विंगमध्ये सगळी हवा पाठीमागे, त्यामुळे पाण्याखाली शरीर छान आडवं राहतं, पाय खाली लटकत नाहीत, कोरलला फिन लागत नाही आणि हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. वर आल्यावर ती माणसाला पुढे, तोंडावर ढकलते असं लोक म्हणतात, तर गच्च फुगवू नका आणि जरा मागे रेला. नियमित डाइव्ह करणार असाल तर विंगच घ्या, वर्षातून एकदाच जाणार असाल तर विकत घेऊच नका. विंगला पाठीशी लावायची स्टीलची पाटी, म्हणजे बॅकप्लेट, अडीच-तीन किलोची असते, तेवढं शिसं बेल्टमधून कमी होतं, पण विमानात 15 किलोच सामान नेता येत असेल तर अल्युमिनियमची बघा.

मापाचं म्हणाल तर साइजच्या लेबलवर जाऊ नका. वेटसूट घालून, सिलेंडर लावून, सगळे पट्टे आवळून बीसीडी घाला, व्हॉल्व्ह फुस्स करेपर्यंत फुगवा आणि खोल श्वास घ्या. घेता आला नाही तर ती तुमची नाही. मग कोणालातरी सिलेंडर धरून वर उचलायला सांगा, खांदे कानापर्यंत आले तर पाठीची लांबी जुळत नाही, उंचीने लहान असलेल्या मुलींना हा त्रास फार होतो, त्यांनी क्रॉच स्ट्रॅप (दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा) लावता येतो का ते विचारावं. शेवटी डोळे मिटून कमरेमागच्या डंप व्हॉल्व्हची (हवा सोडायच्या झडपेची) दोरी शोधा, हात शोधत बसला तर पाण्याखाली काय होईल?

सेकंड हँड घेत असाल तर अजून एक करा. गच्च फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ पडली तर डंप व्हॉल्व्ह उघडून बघा, बऱ्याचदा रबरच्या चकतीखाली वाळूचा एखादा कण किंवा मिठाचा पांढरा थर अडकलेला असतो, गोड्या पाण्याने धुतलं की काम झालं. पण सिलेंडर जोडल्यावर बटण न दाबताच बीसीडी हळूहळू फुगायला लागली तर इन्फ्लेटर, म्हणजे बटण दाबून सिलेंडरची हवा बीसीडीत भरणारा भाग, खराब आहे, अशी बीसीडी 15 मीटर खोलवरून तुम्हाला खेचत वर घेऊन जाईल, त्यामुळे तो दुरुस्त होईपर्यंत पैसे देऊ नका.