तीन मैदानांचा कारमायकल हंट

श्रोतेहो, नमस्कार.

ऑस्ट्रेलियात लंबगोल चेंडूने खेळले जाणारे तीन मोठे खेळ आहेत. रग्बी लीग, रग्बी युनियन आणि ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. लीगमध्ये एका बाजूला १३ खेळाडू, युनियनमध्ये १५, आणि ऑस्ट्रेलियन रूल्समध्ये १८, तेही क्रिकेटच्या भल्यामोठ्या मैदानावर. आज ज्याच्याबद्दल बोलायचं आहे, तो हे तिन्ही खेळ व्यावसायिक पातळीवर खेळला. पुन्हा सांगतो, तिन्ही. त्याचं नाव कारमायकल हंट.

जन्म ऑकलंडचा, १९८६ सालचा. घडला मात्र ब्रिस्बेनमध्ये. शाळेत युनियन खेळायचा. २००४ मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी, ब्रिस्बेन ब्रॉन्कोससाठी लीगच्या मैदानात उतरला, आणि २००६ मध्ये त्या संघाबरोबर विजेतेपदही मिळवलं. त्याची जागा फुलबॅकची, म्हणजे सगळ्यांच्या मागे. समोरून उंच मारलेला चेंडू अंगावर धावून येणाऱ्यांची पर्वा न करता हवेत झेलायचा, हे त्याचं रोजचं काम. हे काम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२००९ मध्ये बातमी आली की हंट ऑस्ट्रेलियन रूल्समध्ये जाणार, गोल्ड कोस्ट सन्स या नव्या संघाकडे. मधल्या काळात तो फ्रान्समध्ये बियारित्झकडून युनियन खेळून आला. २०१० च्या हाइनेकेन कपच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या युनियन स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात त्याने ट्रायही केला, म्हणजे रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवले. बियारित्झ तूलूझकडून २१-१९ असं हरलं.

मग सुरू झाली खरी परीक्षा. लीगमध्ये चेंडू हाताने मागे फेकतात. इथे फेकायचाच नाही, मुठीने ठोसून द्यायचा किंवा पायाने मारायचा. ऑफसाइड नाही, त्यामुळे माणूस कुठूनही येतो. २०११ मध्ये सन्सचा पहिलाच सामना कार्लटनविरुद्ध झाला, आणि सन्स ११९ गुणांनी हरले. हंट त्या सामन्यात होता. लोक म्हणू लागले, याला फक्त प्रसिद्धीसाठी आणलाय. सन्सचं राज्य क्वीन्सलँड हा लीगवेड्या लोकांचा मुलूख, तिथे नवा खेळ रुजवायला ओळखीचा चेहरा हवा होता, हे खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

आता त्या रात्रीकडे येऊ. १४ जुलै २०१२, शनिवार. क्वीन्सलँडच्या उत्तरेला केर्न्स नावाचं दमट गाव, तिथलं कॅझलीज स्टेडियम. सन्सने त्या हंगामात एकही सामना जिंकलेला नव्हता. एकही नाही. समोर रिचमंड, मेलबर्नचा जुना, नामांकित संघ. सामना संपत आला तरी रिचमंड पुढे. शेवटी फरक उरला चार गुणांचा.

इथे नियम ऐका. मधल्या दोन खांबांमधून चेंडू पायाने मारला की सहा गुण. आणि कुणी पायाने लांबून मारलेला चेंडू हवेतच झेलला, तर त्याला 'मार्क' मिळतो. मग कुणी अडवायचं नाही, शांतपणे किक मारायची. भोंगा वाजून वेळ संपली, तरी ती किक मारता येते.

अखेरच्या क्षणी चेंडू हवेत आला आणि हंटने झेलला. फुलबॅक म्हणून आयुष्यभर केलेलं काम! पण पुढची किक त्याला नव्याने शिकावी लागली होती. भोंगा वाजला. आता मैदानावर खेळ उरला नव्हता, उरला होता एक माणूस आणि चार खांब. चेंडू बाजूच्या खांबांमधून गेला तर एकच गुण आणि हार. मधून गेला तर सहा आणि जीत. हंट धावला, किक मारली, चेंडू मधून गेला. सन्स दोन गुणांनी जिंकले! सहकारी त्याच्या अंगावर कोसळले.

झेल जुन्या खेळाचा, किक नव्या खेळाची. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगायला आवडते.

आणि म्हणूनच सातवीआठवीतल्या मुलाला "आता एकच खेळ धर" असं दटावणाऱ्या पालकांचं मला पटत नाही. मुलाने कबड्डी खेळावी, खो-खो खेळावा, फुटबॉलही. शाळेच्या मैदानावर लग्नाचे मांडव घालणं तर बंदच झालं पाहिजे. पोरांनी धावायचं कुठे?

असो. हंट सन्सकडून ४४ सामने खेळला. २०१५ मध्ये युनियनकडे, क्वीन्सलँड रेड्सकडे आला. त्याच वर्षी कोकेनच्या प्रकरणात त्याला दंड आणि निलंबन भोगावं लागलं. तरी २०१७ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय युनियन संघाची जर्सी घातली. लीगमधली देशाची जर्सी त्याने आधीच मिळवलेली होती. म्हणजे दोन खेळांत देशाचा खेळाडू. आणि २०२१ मध्ये, सुमारे बारा वर्षांनी, तो पुन्हा ब्रॉन्कोसकडून लीग खेळला आणि त्याच वर्षी निवृत्त झाला.

नमस्कार.