उलाळ गाडी आणि ट्रेलरचा हिच

मंडळी, डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-७० आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा रस्ता आहे. आयसेनहॉवरचा बोगदा सुमारे ११,००० फुटांवर. तो ओलांडला की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सलग उतार, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीच्या चढाच्या वाटा काढून ठेवलेल्या. या उतारावरून मागे सहा-सात हजार पौंडांचं घर लावून उतरायचं असतं. गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातल्या बऱ्याच कुटुंबांनी ट्रॅव्हल ट्रेलर घेतले. मला फोन येतो तो बहुतेक एकाच प्रश्नासाठी: "काका, हिच कोणता घेऊ?" हिच म्हणजे गाडीला ट्रेलर जोडायचा सांगाडा. आज त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो. दुकानातल्या फळीवरून सुरुवात मात्र करणार नाही. सुरुवात बैलगाडीपासून करतो.

कृष्णाकाठी आमच्या गावी वडील बैलगाडीत पोती भरायचे. पहिलं पोतं कुठे टाकायचं, हे ते आधी ठरवायचे. आसाच्या मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ व्हायची. जू वर उचललं जायचं, बैलांच्या गळ्यातल्या पट्ट्या ताणायच्या आणि त्यांचा श्वास कोंडायचा. पुढे जास्त झाला तर सगळा भार मानेवर येऊन खांदेसूज व्हायची. वडील जू हाताने उचलून बघायचे आणि म्हणायचे, "दोन पोती पुढं सरकव." किंवा, "एक मागं घे." काटा नव्हता, हातच काटा होता. ट्रेलरच्या हिचबद्दल मला जे कळलं, त्याचं मूळ या दोन वाक्यांत आहे.

ट्रेलरचं पुढचं टोक तुमच्या गाडीच्या बॉलवर, म्हणजे हिचवरच्या लोखंडी गोळ्यावर, जो भार टाकतं, त्याला इथे टंग वेट म्हणतात. भरलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार तिथे असावा. मी स्वतः १२-१३ टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही. भार कमी पडला की ट्रेलर उलाळ झाला. फरक एवढाच, की बैलगाडी दोन-तीन मैलांच्या वेगाने चालायची आणि ट्रेलर साठ मैलांच्या वेगाने धावतो. त्या वेगाला उलाळ ट्रेलर नुसता वर उचलला जात नाही, तो शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलायला लागतो. एकदा हललं की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही उत्तरेला निघालो होतो, वायोमिंगमध्ये, शायनच्या पुढे. तिथला वारा तुम्हाला माहीत आहे. मी ट्रेलरच्या मागच्या बंपरवर चार सायकली टांगल्या होत्या, मागच्या कप्प्यात लाकडं भरली होती आणि पुढची पाण्याची टाकी रिकामी ठेवली होती. तेवढंच वजन वाचलं, असं मला वाटत होतं. एक मोठा ट्रक शेजारून पुढे गेला आणि ट्रेलर हलायला लागला. मी ब्रेक दाबला. तो दाबायचा नसतो, कारण गाडी पुढे थबकते आणि मागचं वजन तिला आडवं ढकलतं. मागच्या सीटवर मुलं होती. त्यांचा आवाज आजही माझ्या कानात आहे. कसेबसे थांबलो. परत आल्यावर तसंच सामान भरून मोजलं, तर ६,१०० पौंडांच्या ट्रेलरचा टंग वेट ४८० भरला. म्हणजे आठ टक्केसुद्धा नाही.

अशा वेळी करायचं ते एवढंच: स्टीअरिंग सरळ धरायचं, अॅक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढायचा आणि ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ट्रेलर मागे खेचला गेला की ओळीत येतो. ही कळ कुठे आहे, हे गाडी उभी असताना डोळे मिटून सापडलं पाहिजे. आज घरी गेल्यावर करून बघा.

आता आकड्यांकडे येतो, कारण जाहिरातीतला आकडा आपल्याला फसवतो. ट्रकच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, ९,००० पौंड ओढतो. ओढतोही. या आकड्यामागे एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ नावाचं मानक आहे. अॅरिझोनात डेव्हिस डॅमजवळचा सुमारे ११ मैलांचा चढ एसी पूर्ण चालू ठेवून चढायचा आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, अशी त्यातली एक कसोटी. कसोटी कडक आहे, मला तिच्याबद्दल आदर आहे. पण त्या हिशेबात ट्रकमध्ये ड्रायव्हर आणि शेजारी एक माणूस, प्रत्येकी १५० पौंडांचा, एवढेच धरलेले असतात. तुमची मुलं, आजी, कुलर आणि जनरेटर त्यात नाहीत.

खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला आहे: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको. समजा तो १,५८० आहे. तुमचा ट्रेलर भरून ६,५०० पौंडांचा, १३ टक्क्यांनी टंग वेट झाला ८४५. हिचचा स्वतःचा सांगाडा धरा १००. उरले ६३५. नवरा-बायको ३२०, दोन मुलं २००. शिल्लक राहिले ११५ पौंड. त्यात कुत्रा, खुर्च्या, शेगडी, हत्यारांची पेटी. ओढायची ताकद अजून भरपूर शिल्लक आहे, पण पाठीवर घ्यायची संपली. बहुतेक कुटुंबांचं गणित इथेच चुकतं, इंजिनात चुकत नाही.

आणि ट्रेलरच्या माहितीपत्रकात छापलेला टंग वेट धरू नका. तो कोऱ्या, रिकाम्या ट्रेलरचा असतो. गॅसचे दोन भरलेले सिलिंडर म्हणजे सुमारे ७५ पौंड, बॅटरी ५०-६०, आणि दोन्ही अगदी जिभेवर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकावर बसवलेले. ४० गॅलन पाणी म्हणजे ३३० पौंड. टाकी आसाच्या पुढे आहे की मागे, यावर सगळं हलतं. मोजल्याशिवाय कळत नाही.

घरच्या घरी मोजता येतं. एक भक्कम फळी घ्या. एका टोकाला विटांवर पाइप, दुसऱ्या टोकाला बाथरूमचा वजनकाटा. ट्रेलरचं टोक पाइपपासून एक फुटावर आणि काट्यापासून दोन फुटांवर टेकवा. चाकांना आधी उटी लावायला विसरू नका. काट्यावर जो आकडा येईल, त्याची तिप्पट म्हणजे टंग वेट. मोठ्या ट्रेलरचा भार काट्याच्या मर्यादेबाहेर जात असेल, तर हायवेवरच्या ट्रक स्टॉपचा काटा आहेच. थोड्या डॉलरांत प्रत्येक आसाचं वजन वेगळं छापून मिळतं.

एवढं हातात आलं की मग हिच निवडायचा. गाडीखाली जो चौकोनी पोकळ तोंडाचा भाग बसतो तो रिसीव्हर. त्याचे पाच वर्ग. पहिला २,००० पौंडांचा, दुसरा ३,५०० चा. या दोघांची तोंडं सव्वा इंची, ट्रॅव्हल ट्रेलरसाठी बहुतेक विसरा. तिसरा बाजारात ८,००० पर्यंत मिळतो, चौथा १०,००० आणि त्यापुढे, दोन्ही दोन इंची. पाचवा त्याहून मोठा. पण रिसीव्हरवरची चिठ्ठी नीट वाचा, तिच्यावर बहुधा आकड्यांच्या दोन जोड्या असतात. उदाहरणार्थ, ट्रेलरचं वजन ५,००० आणि टंग वेट ५००. शेजारी १०,००० आणि १,०००. पहिली जोडी भार नुसता बॉलवर ठेवला तर. दुसरी, भार वाटून देणारा हिच लावला तर. रिसीव्हर तोच असला तरी परवानगी दुप्पट झाली. माझ्या ओळखीचे तीन जण पहिल्या जोडीच्या वर वजन नुसत्या बॉलवर ओढत होते, आणि तिघांनाही विक्रेत्याने सांगितलं होतं, "तुमची गाडी आरामात ओढेल."

भार वाटणारा हिच करतो काय? समजा ट्रकच्या दोन आसांमध्ये १२ फूट अंतर आहे आणि बॉल मागच्या आसाच्या ५ फूट मागे. बॉलवर ८४० पौंड ठेवले, तर मागच्या आसावर ८४० येत नाहीत, ११९० येतात. वरचे ३५० पुढच्या आसावरून उचलले गेलेले असतात. म्हणजे ज्या चाकांनी गाडी वळवायची आणि जी ब्रेकचं मोठं काम करतात, तीच हलकी झाली. दगडाखाली पहार घालून आपण दगड उचलतो ना, तसाच हा हिच ट्रकचं मागचं अंग उचलतो. हिचच्या डोक्यातून दोन स्प्रिंग बार मागे ट्रेलरच्या चासीखाली जातात. साखळीने किंवा कंसाने त्यांची मागची टोकं वर ताणली की ट्रकचं नाक खाली दाबलं जातं, आणि थोडा भार ट्रेलरच्या चाकांवरही जातो. बार मोजलेल्या टंग वेटच्या जवळपासचे घ्या. पाचशेच्या भाराला बाराशेचे घेतले, तर रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ट्रेलरच्या चासीला जाणवतो.

हिच नीट ताणला की नाही, हे डोळ्याने ठरवू नका, पट्टी घ्या. ट्रेलर न जोडता पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजा. समजा ३७ इंच. जोडून, बार न ताणता: ३८. बार ताणून साडेसदतीस झाली, तर उठलेलं निम्मं परत आलं. किती परत आणायचं, हे गाडीचं पुस्तक सांगतं. कुणी निम्मं म्हणतं, कुणी त्याहून जास्त. ३७ च्या खाली मात्र कधीच नाही. तेव्हा मागची चाकं हलकी पडतात. आणि काही गाड्यांच्या पुस्तकात असा हिच लावूच नका, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यांचं ऐका.

बऱ्याच हिचमध्ये डोलणं रोखायची सोय असते, घर्षणाची किंवा खाचांची. ती जरूर घ्या. पण पोती मागे ठेवून पट्टे आवळत बसण्याला वडील कधी तयार झाले नसते. आधी सामान पुढे सरकवायचं.

बॉलबद्दल थोडंच, पण लक्ष देऊन ऐका. ट्रॅव्हल ट्रेलरला दोन इंची किंवा दोन पूर्णांक पाच सोळांश इंची बॉल लागतो. मोठ्या कपलरमध्ये, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या खोबणीत, लहान बॉल बसतो, खटका लागतो आणि सगळं ठीक दिसतं. पहिल्या मोठ्या उंचवट्यावर तो निसटतो. बॉलच्या माथ्यावर माप आणि क्षमता कोरलेली असते, कपलरवरही असते. दोन्ही वाचा. सव्वा इंची दांड्याचा नट साधारण ४५० फूट-पौंडांना आवळावा लागतो. घरातला टॉर्क पाना तिथवर पोहोचत नाही. ते काम गॅरेजकडून करून घेण्यात कमीपणा नाही.

रिसीव्हर मात्र घरी बसवता येतो, मी बसवला आहे. पुष्कळ गाड्यांच्या चासीत भोकं तयारच असतात. स्टेपनी उतरवा, गरज पडली तर सायलेन्सरचे रबर सोडून तो खाली घ्या. भोकांत आधीच आटे असतील, तर तारेच्या ब्रशने गंज काढा आणि तेल सोडा. गंजलेल्या आट्यांत बोल्ट जबरदस्तीने फिरवला की चासीतला नटच मोडतो आणि मग दिवस जातो. आटे नसतील, तर स्प्रिंगसारखी तार चासीच्या पोकळीतून ओवून बोल्ट आतून ओढून आणावा लागतो. रिसीव्हर ४०-५० पौंडांचा असतो, तो जॅकवर तोला किंवा कुणाला तरी मदतीला घ्या. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग आलटून-पालटून आवळा, सूचनापत्रकातल्या आकड्याला. त्यासोबत आलेले वायसर तिथेच लावा, घरातले नकोत. चासीला भोक पाडायचं किंवा वेल्डिंग करायचं सूचनेत लिहिलेलं नसेल, तर ते करू नका. पहिल्या ५० मैलांनंतर पुन्हा पाना लावा.

वायरिंगला सात पिनांचा सॉकेट हवा. चार पिनांच्या सॉकेटने फक्त दिवे लागतात, ट्रेलरचे ब्रेक चालत नाहीत. साखळ्या कपलरखालून एकमेकींवरून फुली करून अडकवा, म्हणजे कपलर सुटलाच तर त्या झोळीत पडेल. आणि ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी ती बारीक केबल साखळ्यांच्या हुकात कधीही अडकवू नका. हुकाबरोबर तीही निघून जाईल. तिला गाडीच्या चासीवर वेगळी जागा हवी. मी गेल्या वर्षभरात जेवढे ट्रेलर वाकून पाहिले, त्यांत ही चूक सगळ्यात जास्त वेळा दिसली.

बोलणं पुष्कळ झालं. माझा ट्रेलर बाहेर पार्किंगमध्ये उभा आहे. काल रात्री मी त्यातलं थोडं सामान मुद्दाम मागे सरकवून ठेवलं आहे. फळी, विटा, काटा आणि मोजपट्टी तिथेच आहेत. टंग वेट किती, हे मी सांगणार नाही. आधी तुम्ही मोजा, मग कोणत्या कप्प्यातलं काय पुढे न्यायचं ते आपण मिळून ठरवू. अंधार पडायला अजून तासभर आहे. चला.