४१ जादा अक्षरं : सिडनी ऑल्टमन आणि कात्री झालेला आरएनए

समोर एक एक्स-रे फिल्म आहे, असं समजा. तिच्यावरचा प्रत्येक काळा पट्टा म्हणजे ठरावीक लांबीचा, किरणोत्सारी फॉस्फरस-३२ असलेला आरएनए, म्हणजे न्यूक्लिओटाइड नावाच्या ‘अक्षरां’ची साखळी असलेला, डीएनएवरून बनणारा रेणू. रेण्वीय जीवशास्त्रज्ञ सिडनी ऑल्टमन यांचं सगळ्यात मोठं काम असे पट्टे वाचूनच उभं राहिलं.

माँट्रियलमध्ये १९३९ साली जन्म, एमआयटीत भौतिकशास्त्र, कोलोराडोत टी-४ विषाणूच्या डीएनएवर पीएच.डी. १९६९ मध्ये ते केंब्रिजला सिडनी ब्रेनर आणि फ्रान्सिस क्रिक यांच्या गटात आले. हाताशी होता ई. कोलाय जीवाणूचा टायरोसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) वाहून नेणारा ट्रान्स्फर आरएनए, म्हणजे टीआरएनए. त्याच्या जनुकात बिघाड असलेल्या काही जीवाणूंत तयार टीआरएनए फारच कमी मिळायचा. मुळात तो बनतच नव्हता, की बनून वाटेत मोडत होता?

उत्तर मिळालं ते घाई केल्यामुळे. एरवी जीवाणू आधी गोळा करायचे, मग फोडायचे. तेवढ्या मिनिटांत पेशीतली एन्झाइमं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे रेणू, आपलं काम उरकून मोकळी होतात. ऑल्टमन यांनी वाढत्या कल्चरला फॉस्फरस-३२ दिला आणि लगेच, जीवाणू गोळा करत न बसता, त्यातच फिनॉल ओतलं. फिनॉलमुळे प्रथिनं जागच्या जागी निकामी होतात. रेणू लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर नवा पट्टा उमटला, १२९ न्यूक्लिओटाइडांचा. म्हणजे टीआरएनए बनत होता, पण आधी अशा लांब पूर्वरूपात. तयार टीआरएनए असतो ८५चा. पुढच्या टोकाला ४१ अक्षरं जादा, मागच्या टोकाला ३.

ही ४१ अक्षरं छाटणारं एन्झाइम जीवाणूंच्या अर्कात सापडलं. त्याचं नाव आरएनेझ पी. छेद नेमका बसला, तर १२९चा पट्टा जाऊन ८८ आणि ४१ असे दोन स्वच्छ पट्टे येतात. हातमोजे न घालता नळी हाताळली, तर बोटांवरची आरएनेझ एन्झाइमं आरएनएचे वाट्टेल तिथे तुकडे करतात आणि पट्ट्यांऐवजी वरून खाली धूसर ओघळ दिसतो. यातली काही तर उकळूनही पुन्हा कामाला लागतात.

पुढचं काम अमेरिकेत, येल विद्यापीठात. एन्झाइम कितीही शुद्ध केलं तरी त्यासोबत एक आरएनए येतच राहिला. तो चिकटलेला कचरा असेल, असं कुणालाही वाटलं असतं. ऑल्टमन यांचे विद्यार्थी बेन स्टार्क यांनी हा आरएनएच नष्ट करून पाहिला आणि एन्झाइम बंद पडलं. १९७८ सालची ही गोष्ट. एन्झाइम म्हणजे प्रथिनच, हे तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की आरएनए फार तर सांगाडा असेल, यापलीकडे कुणी सहज जात नव्हतं.

मग १९८३. नॉर्मन पेस या दुसऱ्या संशोधकाच्या प्रयोगशाळेसोबत ऑल्टमन यांच्या सहकारी सेसिलिया गेरिये-टाकाडा दोन जीवाणूंच्या आरएनेझ पीचे भाग, म्हणजे आरएनए आणि प्रथिन, अदलाबदल करून जुळवत होत्या. एका नळीत, केवळ तुलनेसाठी, ई. कोलायच्या आरएनेझ पीमधला ३७७ न्यूक्लिओटाइडांचा आरएनए (त्याचं नाव एम-१) एकटाच होता, प्रथिनाशिवाय. ६० मिलिमोलर (मिलिमोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) मॅग्नेशियममध्ये त्या नळीतही छेद बसला! या सगळ्या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची नळी हीच. ‘काहीतरी चुकलं’ म्हणून ती बाजूला पडली नाही, हे फार महत्त्वाचं.

नेहमीच्या १० मिलिमोलर मॅग्नेशियममध्ये एकट्या एम-१ला हे जमत नव्हतं. जोडीला १ मिलिमोलर स्पर्मिडीन, म्हणजे एक छोटा धनभारित रेणू, घातलं, की जमायचं. कारण सरळ आहे. एन्झाइमही आरएनए आणि कापायचा रेणूही आरएनए, दोघांवर ऋणभार, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. धनभारित आयन पुरेसे असले की ही ढकलाढकली थांबते. पेशीत हे काम आरएनेझ पीमधलं सी-५ नावाचं छोटं, धनभारित प्रथिन करतं.

शंका उरली एकच. त्या आरएनएत प्रथिनाचा अंश राहिला असेल तर? म्हणून १९८४ मध्ये एम-१ जीवाणूतून न काढता डीएनएवरून नळीतच बनवला. त्यानेही छेद दिला, आणि तोच रेणू एकामागून एक अनेक पूर्वरूपं कापत राहिला. थॉमस चेक यांनी १९८२ मध्ये दाखवलेला आरएनए स्वतःलाच कापून जोडत होता. हा मात्र दुसऱ्याला कापून स्वतः जसाच्या तसा राहत होता. १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

पण पेशीत प्रथिनावाचून भागत नाही. ई. कोलायच्या ए-४९ या प्रकारात सी-५च्या ११९ अमिनो आम्लांपैकी एकच बदललेलं आहे. तो ३० अंशांना वाढतो. तापमान ४२वर नेलं की वाढ थांबते, आणि जेलवर न कापलेल्या पूर्वरूपांचे पट्टे साचत जातात.