गावाकडे मागायचं काय?

शिक्षक बंधुभगिनींनो,

दोन शिक्षक, चार वर्ग आणि वीस-पंचवीस मुलांचा पट. अशा शाळेचा विषय निघाला की बोलणं लगेच उणिवांवर जातं. मला तिच्या एका ताकदीबद्दल बोलायचं आहे. अशा शाळेत प्रत्येक मुलाचं घर शिक्षकाच्या ओळखीचं होऊ शकतं. मोठ्या शाळेकडे कितीही साधनं असोत, तिला हे साधत नाही.

पण गावाशी नातं जोडायचं म्हणून आपण गावाकडे काय मागतो? कुंपण, रंगकाम, टीव्ही संच. गावांनी हे भरभरून दिलंय, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. तरीही लोकसहभाग म्हणजे लोकवर्गणी एवढंच समीकरण झालं, तर ज्याच्याकडे पैसा नाही तो शाळेच्या दारातच थांबतो. आणि आज आपल्या पटावरची बरीच मुलं नेमकी त्याच घरांतली आहेत. माझं म्हणणं असं, की गावाकडे आधी ज्ञान मागा.

हा विचार आपल्या मातीत जुना आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर गेली आणि घरांच्या अंगणात भरू लागली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. साधनं कोणती? खडे, शिंपले, बिया, पानं. मूल का येत नाही, याचं उत्तर त्यांनी मुलाच्या आळसात शोधलं नाही, त्या घराचा दिवस कसा जातो हे पाहून शोधलं. मला हे फार मोठं वाटतं.

कोलंबियात सत्तरच्या दशकाच्या मध्यावर शिक्षणतज्ज्ञ व्हिकी कोलबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एस्क्युएला नुएवा’ म्हणजे ‘नवी शाळा’ ही पद्धत उभी केली, तीसुद्धा ग्रामीण भागातल्या एक-दोन शिक्षकी शाळांसाठी. तिथे शिक्षक, मुलं आणि पालक मिळून वस्तीचा नकाशा करतात आणि शेतीच्या हंगामांचं कॅलेंडर करतात. पेरणी कधी, काढणी कधी, कोणत्या महिन्यात मुलं शेतात लागतात, हे शाळेला आधीच ठाऊक असतं. पाठही असे बांधलेले, की काढणीहून परतलेलं मूल जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे जातं, त्याला वर्ष वाया घालवावं लागत नाही. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा विचार करा. दिवाळीच्या आगेमागे घराला कुलूप लागतं, किंवा आईवडील जातात आणि मूल आजीजवळ राहतं. त्या सहा महिन्यांत त्या मुलाची पालक आजी असते. पालकसभेचा निरोप तिला जातो का?

तेव्हा गृहभेट हवी, आणि ती तक्रार घेऊन नको. ज्यांची स्वतःची शाळा अर्ध्यावर सुटली, त्यांना शाळेकडून आलेला माणूस म्हणजे काहीतरी चुकल्याची खूण वाटते. अमेरिकेत टुसॉन इथल्या शिक्षकांनी मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांकडे जाताना भूमिकाच बदलली होती. ते शिकायला गेले. घरोघरी शेती, बांधकाम, यंत्रदुरुस्ती, औषधी वनस्पती यांची जाण किती खोल आहे हे त्यांना दिसलं आणि त्यातून वर्गातले पाठ घडले. शिक्षण-संशोधक लुइस मोल आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये ते काम मांडलं.

आपल्या परिसर अभ्यासाला याहून चांगलं पाठ्यपुस्तक कुठलं? गवंडी काटकोन कसा साधतो, मेंढपाळ कळपाचा हिशेब कसा ठेवतो, विहिरीचं पाणी पूर्वी किती खाली जायचं. परिपाठानंतरची वीस मिनिटं अशा माणसाला द्या. आपला बाप फळ्यापुढे उभा राहून शिकवतोय आणि गुरुजी खाली बसून ऐकताहेत, हे मुलानं एकदा पाहिलं की त्याच्या मनात घर आणि शाळा यांतलं अंतर कमी होतं.

शाळा व्यवस्थापन समितीबद्दल थोडक्यात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत 75 टक्के पालक आणि 50 टक्के महिला ठेवल्या आहेत. पण सभा सकाळी अकराला ठेवली, तर रोजंदारीवरची आई मजुरी बुडवून येणार नाही, सहीसाठी वही मात्र तिच्या घरी जाईल. सभा संध्याकाळी ठेवा, तिच्या वस्तीवर ठेवा, आणि इतिवृत्त मोठ्यानं वाचून दाखवा.

शेवटी एक अडचण, आणि ती खरी आहे. चांगल्या शिक्षकाची बदली झाली की त्यानं जोडलेलं गावही बऱ्याचदा त्याच्याबरोबर जातं, कारण कोण काय जाणतं हे फक्त त्याच्या डोक्यात असतं. म्हणून शाळेत एक वही ठेवा. घरागणिक एक पान: या घरात कोणाला काय येतं, कोणत्या महिन्यात घर बंद असतं, निरोप कोणाला द्यायचा. ती चौथीच्या मुलांनी लिहावी, दर जूनमध्ये ताजी करावी, आणि पदभार देताना हजेरीपटाबरोबर ती नव्या शिक्षकाच्या हाती द्यावी.