डॅकच्या आउटपुटवरचे काटे आणि जाड रेघ

[दृश्य: ऑसिलोस्कोपचा पडदा]

डॅकला, म्हणजे डिजिटल आकड्याचं व्होल्टेज करणाऱ्या चिपला, एकच कोड (आकडा) देऊन ठेवलाय. आउटपुटवर सरळ, बारीक रेघ दिसायला हवी. दिसतेय ती जाडसर, आणि तिच्यावर ठरावीक अंतराने उभे राहिलेले काटे. जाडी आणि काटे ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी प्रोब तपासा. प्रोबची लांब ग्राउंड वायर म्हणजे एक वेटोळंच; ते आसपासचा क्लॉक, म्हणजे चिपना ताल देणारा सिग्नल, पकडतं. वायर काढून टोकाशी ग्राउंड स्प्रिंग लावा आणि टोक आउटपुटऐवजी शेजारच्या ग्राउंडला टेकवा. काटे तिथेही दिसले, तर दोष मोजणीत आहे.

आता ट्रिगर क्लॉकवर लावा आणि 256 वेळांची सरासरी घ्या. रेघ जाड करणारा अनियमित नॉइज 16 पटीने घटतो, रेघ बारीक होते. काटे मात्र जागचे हलत नाहीत, उलट जास्त ठळक होतात. ते क्लॉकच्या तालावरच येतात. हाच क्लॉक फीडथ्रू, म्हणजे क्लॉकचं आउटपुटमध्ये झिरपणं.

[दृश्य: क्लॉक आणि आउटपुटचे ट्रॅक, जवळून]

बोर्डवरचे हे दोन ट्रॅक (तांब्याच्या पट्ट्या) शेजारून गेलेत. त्यांच्यातलं कपॅसिटन्स फक्त 0.1 पिकोफॅरड धरू. क्लॉक 2 नॅनोसेकंदांत 3.3 व्होल्ट चढला, की तेवढ्या वेळापुरता 165 मायक्रोअँपिअर प्रवाह पलीकडे जातो. 50 ओहमच्या लोडवर तो 8 मिलिव्होल्ट होतो. 5 व्होल्ट रेफरन्सच्या (ज्या व्होल्टेजच्या प्रमाणात आउटपुट ठरतं त्याच्या) 16 बिट डॅकची एक पायरी 76 मायक्रोव्होल्टची, म्हणजे काटा शंभराहून जास्त पायऱ्यांचा!

म्हणून ट्रॅक दूर न्या, खालचा ग्राउंड प्लेन (ग्राउंडचा सलग तांब्याचा थर) कुठेही तोडू नका. क्लॉक जिथून निघतो तिथेच 33 ते 100 ओहमचा रेझिस्टर मालिकेत घाला; डॅकच्या टोकाला घातलेला तितका उपयोगी पडत नाही.

उरलेल्या काट्यांसाठी 1 किलोओहम आणि 1 नॅनोफॅरडचा फिल्टर. 10 मेगाहर्ट्झचा काटा साठाव्या हिश्शावर येतो. पण किंमत मोजावी लागते: 16 बिटांची अर्ध्या पायरीपर्यंत अचूकता मिळायला आता सुमारे 12 मायक्रोसेकंद लागतात. आउटपुटपुढे ऑपअँप (अ‍ॅम्प्लिफायर चिप) असेल, तर हा फिल्टर त्याच्या आधीच हवा. इतके वेगवान काटे ऑपअँपला झेपत नाहीत. तो त्यांचं डीसी ऑफसेटमध्ये रूपांतर करू शकतो.

रेघेच्या जाडीसाठी कोड बदलून पाहा: शून्य, मध्य, पूर्ण. कोडबरोबर जाडी वाढत गेली, तर संशय रेफरन्सवर घ्या. तिथे फिल्टर लावा. रेझिस्टरला उगाच दोष देऊ नका. 10 किलोओहमचा रेझिस्टर 100 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात जेमतेम 4 मायक्रोव्होल्ट नॉइज देतो.

[दृश्य: एसपीआय बस, तीन चिप]

एवढं करूनही काटे अधूनमधून, झुंडीने येत असतील, तर एसपीआय बसवरच्या (चिपच्या सामायिक तारांवरच्या) दुसऱ्या चिपशी बोलणं चालू असतं तेव्हाच येतात का, ते बघा. डॅकचा चिप सिलेक्ट (कोणत्या चिपशी बोलायचं ते ठरवणारा सिग्नल) बंद असला तरी क्लॉक डॅकच्या पिनवर आदळतच असतो. मधे एक लॉजिक गेट टाका. डॅकची पाळी असेल तेव्हाच क्लॉक त्याच्यापर्यंत पोहोचू द्या.